गायकांकडून अपेक्षा, कलम चौथे

प्राचार्यांनी सातही कलमं वाचून दाखवली आणि चौथ्यापाशी परत येऊन विचारलं, "हे जमेल ना, उकंडराव?" तेव्हा साडेपाच वाजले होते आणि उकंडरावांच्या गावाकडं जाणारी शेवटची एस.टी. पावणेसहाला होती. म्हणून उकंडरावांनी मान हलवली. संसारात माणसं ज्या ज्या गोष्टींना मान हलवून बसतात, त्यांतल्या निम्म्यांमागं असंच काहीतरी कारण असतं. पण ते पुढं कुणाला सांगता येत नाही.

चौथं कलम असं होतं : 'गायकास स्वरलिपी पाहून अपरिचित चाल गाता आली पाहिजे.'

कॉलेज मोताळ्याच्या अलीकडं दोन मैलांवर, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात भरत असे. तिसरंच वर्ष होतं. जिल्ह्याला नवं राज्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती आणि प्रत्येक पुढाऱ्याला आपापल्या गावाजवळ एकेक कॉलेज हवं होतं. या कॉलेजला ग्रंथालय नव्हतं, प्रयोगशाळा नव्हती, पण गायनवृंद होता. त्याचं कारण असं की उद्‌घाटनाच्या दिवशी प्रमुख पाहुण्यांची मोटार चिखलीजवळ बिघडली आणि जमलेल्या दोन हजार माणसांना थोपवून धरायला उकंडरावांचं भजनी मंडळ दीड तास गात राहिलं. संस्थेचे अध्यक्ष उत्तमराव तिथंच म्हणाले, "याइलेच घेऊन टाका कॉलेजात. पोरं बसतील तरी." झालं. बावीस वर्षं प्राथमिक शाळेत पाढे म्हणवून घेतलेल्या उकंडरावांनी शाळेचा राजीनामा दिला आणि ते गायनाचे अध्यापक झाले. तात्पुरते. दर जूनला तात्पुरते. आता फेब्रुवारीत विद्यापीठाची समिती यायची होती. तिनं होकार दिला तर जागा कायम, नाही तर गायनाचा तास बंद. शाळेतल्या त्यांच्या खुर्चीवर तर केव्हाच दुसरा गुरुजी बसला होता. त्याला दोन लेकरंही झाली होती.

समितीपुढं ठेवायला म्हणून प्राचार्यांनी ती सात कलमं केली. प्राचार्य नारायणराव पुण्याचे. माणूस सज्जन. इकडची बोली ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखा भाव येई, एवढंच. कलमं करण्याआधी त्यांनी रीतसर उकंडरावांना विचारलंही होतं, "गायकांकडून तुमच्या नेमक्या अपेक्षा काय?"

उकंडरावांनी बराच विचार केला. "यावं," ते म्हणाले. "आल्यावर बसावं. आन् बाजूचा काय म्हणते ते आयकावं."

"आणि वर्षाअखेर त्यांनी काय शिकलेलं असावं?"

"तेच. पण बरं."

प्राचार्यांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं आणि पुढचं सगळं स्वतःच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सायक्लोस्टाईल केलेले कागद घेऊन उकंडराव वर्गात आले. सतरा गायक होते. तेरा मुलगे, चार मुली. सगळे आसपासच्या खेड्यांतले. गोदामाच्या आढ्याला अजून सरकीचा कापूस चिकटलेला होता आणि गाणं वरच्या पट्टीत गेलं की तो हळूहळू खाली पडे. तासाअखेरीला सगळे म्हातारे दिसत. उकंडरावांना मात्र फरक पडत नसे.

त्यांची शिकवण्याची रीत साधी होती. वऱ्हाडातल्या कुठल्याही भजनात असते तीच. एकानं पुढं उभं राहून ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी तिचं शेपूट पकडून ती जशीच्या तशी, पण दुप्पट जोरानं परत करायची. याला झील धरणं म्हणतात. पोरं आईच्या मांडीवर बसून हे शिकलेली. त्यांना शिकवायचं काही नव्हतंच. अडचण असेल तर थांबवायची होती. पुढं उभा राहिलेला माणूस जरा लांबवून काही बोलला की यांच्या तोंडून झील आपोआप निघे.

"कलम पयलं," उकंडरावांनी चष्मा चढवला. "गायकाने वेळेवर उपस्थित राहावेऽ."

"राहावेऽऽ," सतरा जण म्हणाले.

"गाऊ नका बे. वाचून राह्यलो मी. कलम दुसरं. गायकाने श्वासावर नियंत्रण ठेवावेऽ."

"ठेवावेऽऽ."

मागच्या बाकावरून कडूबानं हात वर केला. कडूबा जानेफळकडचा, कास्तकाराचा पोरगा. आवाज असा, की शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावरच्या बैलानं थांबावं. सूर मात्र त्याच्या आसपास कधी फिरकला नव्हता. "सर, नियंत्रण ठेवल्यावर मंग श्वास घ्याचा कवा?"

"कलमात नाही ते. तू घेत जाय."

"आन् हे सातवं. 'गायकात संगीताविषयी आजन्म अभिरुची निर्माण व्हावी.' आजन्म म्हंजे परीक्षेवरी का सर?"

"हाव. मार्चवरी."

पहिल्या बाकावरचा इंद्रभान कागदावरून मान न काढता बसला होता. हा पोरगा गावच्या बौद्धवाड्यातला. जयंतीच्या मिरवणुकीत पुढं गायचा आणि त्याच्या वडलांनी त्याला कॉलेजात पाठवताना एवढंच सांगितलं होतं, की जे कागदावर हाय ते वाच, तोंडी सांगतील त्यावर जाऊ नको. तो म्हणाला, "सर, हे चौथं. स्वरलिपी. हे तुमी कवापासून शिकोनार?"

उकंडरावांनी चष्म्यावर पडलेला कापूस पुसला.

"दिवाळीनंतर," उकंडराव म्हणाले.

कारण उकंडरावांना स्वरलिपी येत नव्हती. सा रे ग म ही अक्षरं येत, पण त्यांच्या डोक्यावरचे आणि पायाखालचे ठिपके, आडव्या रेघा, मधलेच कंस, हे सगळं त्यांना कागदावर तीळ सांडल्यासारखं दिसे. ते गाणं कानानं शिकले होते. त्यांच्या गुरूंना तर सहीसुद्धा येत नव्हती, अंगठा उमटवीत. पण तो अंगठा असा ठेक्यात उमटवीत की पटवाऱ्याची मान हले.

दिवाळीत ते खामगावला जाऊन स्वरलिपीचं पुस्तक घेऊन आले. रविवारच्या दुपारी ओसरीत बसून त्यांनी ते उघडलं. त्यांच्या बायकोनं, झुंबरबाईनं, सूप बाजूला ठेवून पाहिलं.

"अवो, बावन्न वर्साचे झाले तुमी. आता बाराखडी काऊन घेऊन बसले?"

"गान्याची हाय."

"मंग इतके वर्सं गाऊन राह्यलेत ते काय व्हतं?"

याचं उत्तर पुस्तकात आहे की काय ते पाहावं म्हणून उकंडरावांनी पान उलटलं. खाली ठिपका म्हणजे खालचं सप्तक, वर ठिपका म्हणजे वरचं, अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल. समजायला काहीच अवघड नव्हतं. एकेक गोष्ट समजायची. पण चार एकत्र आल्या की पहिली निघून जायची, जशी माळावर एकट्यानं मेंढरं राखताना जाते. ते एकेका स्वरावर बोट ठेवून पुढं सरकत आणि ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवातीचा सा कुठं ठेवला होता ते विसरून जात. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी त्यांनी पुस्तक मिटलं आणि ते नुसतेच बसून राहिले. थकवा असा काही मोठा नव्हता. मैलभर चालल्यावर चप्पल हातात घ्यावीशी वाटते, तेवढाच. पण गाव अजून दिसत नव्हतं.

पुस्तक परत चाळताना मात्र एक दिवस त्यांना मागच्या पानावर एक ओळ सापडली. खाली छापलं होतं, 'पहाटेच्या भूपाळीची प्रचलित चाल.' अक्षरांवरून बोट फिरवता फिरवता त्यांनी ती गुणगुणली आणि ओळखीच्या माणसाचं घर लागावं तशी ती लागली. ही चाल ते चाळीस वर्षं गात होते.

मग काम सोपं झालं. तानू नावाची एक मुलगी होती, अक्षर मोत्यासारखं. तिच्याकडून त्यांनी ती ओळ फळ्यावर काढून घेतली, ठिपक्यांसकट. पुढं उभं राहून चाल म्हटली. सतरा जणांनी झील धरली. आठ दिवसांत पोरं फळ्याकडं बघत अशी गायला लागली, की कुणालाही वाटावं, फळ्यातूनच आवाज येतो आहे.

"सर," इंद्रभान म्हणाला, "हे वाचनं नाही. हे पाठ हाय."

"इंद्रभान, दुनियेत लोक वाचलं म्हणून जे जे सांगतेत ना बाबा, त्यातलं लय सारं पाठच असते."

"पन कलमात 'अपरिचित चाल' लिवलं हाय."

"समितीले अपरिचितच हाय ना."

इंद्रभाननं कागदाची घडी घालून खिशात ठेवली, ती सावकाश. ते उकंडरावांना त्याच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. त्या दिवशी एस.टी.त बसायला जागा होती तरी ते उभेच गेले. मोताळ्याचा बाजार होता, पायाशी कुणाच्या तरी कोंबड्या होत्या.

समिती फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आली. तिघे जण होते. दोन पुरुष सभासद इतिहासाचे आणि वाणिज्याचे. ते जेवणाच्या वासाकडं तोंड करून बसले. तिसऱ्या जनकाबाई, अमरावतीच्या. साठीच्या, जाडजूड, गळ्यात चष्मा अडकवलेला, गालात सुपारी. त्या संगीताच्या होत्या आणि दुर्दैवानं त्यांना संगीत येत होतं.

आधी स्वागतगीत झालं. ते प्राचार्यांनी स्वतः रचलं होतं आणि त्यात 'विद्वद्वर' हा शब्द चार वेळा होता. चारही वेळा पोरं त्यातून जिवंत बाहेर आली. प्राचार्यांनी सात कलमांचा कागद समितीला दिला. जनकाबाईंनी चष्मा लावून तो वाचला आणि चौथ्या कलमापाशी त्यांचं बोट थांबलं.

"अरे वा. प्रथम परीक्षेआधीच लिपी वाचतात?"

"अस्खलित," प्राचार्य म्हणाले. त्यांचा खरंच विश्वास होता.

तानूनं फळ्यावर ओळ आधीच काढून ठेवली होती. जनकाबाई उठल्या, फळ्यापाशी गेल्या, ओळ पाहिली, मान डोलावली. मग त्यांनी डस्टर घेऊन ती सगळी पुसली.

"ही सगळ्यांना येते हो. दुसरी देते."

आणि त्यांनी खडूनं नवी ओळ लिहिली. अक्षरं, वर ठिपके, खाली ठिपके, दोन रेघा, एक कंस. मागं होऊन पाहिलं, आणखी एक ठिपका दिला. "हं. वाचा."

सतरा जणांनी उकंडरावांकडं पाहिलं. उकंडराव भिंतीला टेकून उभे होते. गंमत म्हणजे त्यांना भीती वाटली नाही. चार महिने ज्याची वाट पाहिली ते आलं, म्हणजे आता वाट पाहायची नाही, एवढंच त्यांना वाटलं. बसायला खुर्ची असती तर बरं झालं असतं.

मागून कडूबा उठला. धीराचा पोरगा. त्यानं घसा साफ केला आणि धडा वाचावा तसं खणखणीत वाचलं, "नि, खाली ठिपका. सा. ग, खाली रेघ. ग, खाली रेघ. रे. सा."

"बरोबर," जनकाबाई म्हणाल्या. "आता गाऊन."

"ते कलमात 'पाहून' हाय बाई. पायलं मी."

वाणिज्याचे सभासद हसले. प्राचार्य हसले नाहीत. जनकाबाईंनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि त्या उकंडरावांकडं वळल्या. "पोरं बावरली आहेत. तुम्ही सुरुवात करून देता?"

उकंडराव भिंतीपासून सुटे झाले. दोन पावलं पुढं आले. फळ्यावरचे तीळ पाहिले. तोंड उघडलं आणि त्यातून काहीच आलं नाही.

"असू दे," जनकाबाई म्हणाल्या, "पहिले चार स्वर मीच देते." आणि फळ्यावर छडी ठेवून त्यांनी ते गायले, शेवटचा जरा लांबवून.

जे व्हायचं ते झालं. पुढं उभं राहिलेल्या माणसानं स्वर लांबवला होता. सतरा गळ्यांनी त्याचं शेपूट पकडलं आणि चारही स्वर जसेच्या तसे, दुप्पट जोरानं, परत केले. आढ्यावरचा कापूस खाली आला.

जनकाबाई थबकल्या. छडी पुढं सरकवून त्यांनी पुढचे चार म्हटले. ते परत आले. रेघेवरचा कोमल गंधार त्यांनी मुद्दाम हळूच घेतला. तो तितक्याच हळूच परत आला. कंसातली जागा आली. तीही. कडूबानं बाकावर ठेका धरला होता, आणि निदान ठेक्यात तरी तो कधी चुकत नसे. जनकाबाईंच्या अंगात आता आलं. त्यांनी ओळ पूर्ण केली, परत सुरुवातीला आल्या, ठिपका वर नेला, खाली आणला, फळ्यावर नव्हतं तेही दोन ठिकाणी घातलं. पोरं सावलीसारखी मागं. एकदा त्या म्हणाल्या, "हं, असंऽच," आणि सतरा जण म्हणाले, "असंऽच."

पाव तासानं त्या थांबल्या तेव्हा त्यांच्या केसांत कापूस होता. इतिहासाच्या सभासदांनी टाळी वाजवली आणि कागदावर लिहिलं, 'स्वरलिपीवाचन समाधानकारक.' त्यांनी आणि वाणिज्याच्यांनी खाली सह्या केल्या. प्राचार्यांचे डोळे भरून आले. सगळे जेवायला उठले.

जनकाबाई मागं राहिल्या. गोदामाबाहेर निंबाखाली त्यांनी उकंडरावांना गाठलं.

"वाचन समाधानकारक झालं म्हणे."

"हाव."

"वाचलं कोणी?"

उकंडरावांनी निंबाच्या खोडाकडं पाहिलं. "तुमीच."

"म्हणजे समाधानकारक मी झाले. तीस वर्षांनी कोणीतरी म्हटलं, बरं वाटलं." त्यांनी सुपारी थुंकली. "तुम्हाला लिपी येते का हो?"

आता फक्त मान हलवायची होती. कागदावर दोन सह्या झालेल्या होत्या, जेवणं सुरू झाली होती, आणि बाईंनाही भूक लागली असणार. मान हलवण्याचा उकंडरावांना सराव होता. पण गेले चार महिने ती एक मान सांभाळताना ते इतके दमले होते की दुसरी मान हलवायची त्यांच्यात ताकदच उरली नव्हती. खरं बोलणं हे पुष्कळदा आळसाचंच काम असतं.

"नाही येत," ते म्हणाले. "मले काहीच नाही येत त्यातलं. पुस्तक आनलं व्हतं, नाही जमलं. फळ्यावरचं पाठ करून घेतलं व्हतं पोराइकडून. त्यातल्या एकानं मले सांगतलंबी, सर हे बरोबर नाही. कलम प्राचार्य साहेबाइचं हाय, पन हो मी म्हनलो. त्याइले काही बोलू नका."

जनकाबाईंनी केसांतला कापूस काढला.

"पोरांचे कान तुम्हीच केलेत?"

"कान त्याइच्या मायनं केले. म्या फक्त बिघडू देले नाही."

"मी हे लिहिणार आहे," त्या म्हणाल्या. "खोटं लिहिलं की मला पित्त होतं."

"लिवा."

आणि त्यांनी लिहिलं. समितीचा अहवाल मार्चमध्ये आला. प्राचार्यांनी तो दार लावून वाचला आणि उकंडरावांना बोलावून समोर सरकवला. 'गायकांची श्रवणशक्ती असाधारण आहे. अध्यापकास स्वरलिपी अवगत नाही. अध्यापकाने गायकांसमवेत संगीताच्या प्रथम परीक्षेस बसावे व उत्तीर्ण झाल्यास जागा कायम करण्यास हरकत नाही.'

"तुम्ही मला सांगायला हवं होतं," प्राचार्य म्हणाले. आजाऱ्याच्या उशाशी बसल्याचा भाव यावेळी आला नाही. त्यांना खरंच लागलं होतं.

"सांगनार व्हतो," उकंडराव म्हणाले. ते तरी खरं होतं.

परीक्षा मे महिन्यात. शिकवणार कोण हा प्रश्न होता, तो तानूनं सोडवला. रोज दारात ठिपक्यांची रांगोळी काढणारी पोरगी, तिला ठिपक्यांचं भेव काय. खामगावचं पुस्तक तिनं पंधरा दिवसांत संपवलं. ती फळ्यापाशी उभी राही आणि उकंडराव मागच्या बाकावर, कडूबाच्या शेजारी बसत.

"सर, तुमचा नि खाली गेला," तानू म्हणे.

"वय झालं त्याचं."

"सर, इथं कोमल हाय," कडूबा कोपरानं ढोसून सांगे. "खाली रेघ दिसत नाही का?" हे कडूबानं सांगावं, हे उकंडरावांना सगळ्यात जड जाई. पण इंद्रभान त्यांच्या पुढच्या बाकावर बसे आणि त्यांची वही मागून घेऊन, चूक असेल तिथं पेन्सिलीनं बारीक खूण करून परत देई. एकदा खूण नव्हती. उकंडरावांनी वही दोनदा उलटून पाहिली. नव्हतीच.

परीक्षेचे अर्ज भरताना एक रकाना निघाला, 'शिक्षकाचे नाव.' सतरा अर्जांवर उकंडरावांचं नाव झोकात लिहिलं गेलं. अठराव्यावर काय लिहायचं? उकंडरावांनी थोडा वेळ टाक हातात धरला आणि लिहिलं, 'कुमारी तानू, द्वितीय वर्ष कला.' प्राचार्यांनी ते पाहिलं. शिस्तीला धरून नव्हतं. त्यांनी टाक उचलला, पण खोडलं नाही.

निकाल जूनमध्ये लागला. तानू पहिल्या वर्गात, इंद्रभान पहिल्या वर्गात. कडूबा दुसऱ्या वर्गात आला, कारण लेखी परीक्षेत आवाज ऐकू येत नाही. उकंडराव नुसतेच उत्तीर्ण. एखाद्याला पासष्टाव्या वर्षी पोरगा व्हावा तशा लाजेनं त्यांनी पेढे वाटले.

प्राचार्यांनी कायम नेमणुकीचं पत्र स्वतः आणून दिलं. हातात हात घेतला. मग दुसऱ्या खिशातून आणखी एक कागद काढला. विद्यापीठाला प्रयोग आवडला होता. 'अध्यापकाने दरवर्षी पुढील एक परीक्षा उत्तीर्ण होत जावे.'

"एकूण किती हाय ह्या परीक्षा?" उकंडरावांनी विचारलं.

"सात. एक झाली तुमची."

उकंडरावांनी बोटांवर मोजलं. सहा राहिल्या होत्या. निवृत्तीलाही सहाच वर्षं होती. म्हणजे ज्या जूनमध्ये त्यांना गाणं पुरतं येणार होतं, त्याच जूनमध्ये शिकवणं बंद होणार होतं. सरकारी हिशेब असा बरोबर जुळलेला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला.

"जमेल ना?" प्राचार्यांनी विचारलं.

उकंडराव बाकावर खाली बसले. "सांगतो," ते म्हणाले. "आधी वाचून पायतो."